सव्वासातची एस.टी. आणि चुलीची वेळ

(एस.वाय.बी.ए., अर्थशास्त्र)

आमच्या घरातून या महाविद्यालयात शिकायला येणारे आम्ही दोघेजण आहोत. मोठा भाऊ टी.वाय.बी.कॉम.ला आणि मी एस.वाय.बी.ए.ला. आमच्या आधी घरातल्या कोणीही कॉलेजची पायरी चढलेली नाही. घर एक, कॉलेज एक आणि मधले अंतर १४ किलोमीटर. तेव्हा दोघांचा रोजचा प्रवास सारखाच असणार, असे कोणीही म्हणेल. दादा मोटारसायकलने येतो आणि मी एस.टी.ने, एवढाच काय तो फरक, असे मीही समजत होते. पण गेल्या वर्षी एका निमित्ताने मी आठवडाभर एक वही ठेवली आणि माझ्या लक्षात आले की, आम्ही एका घरातून निघत असलो तरी एका वेळी निघत नाही आणि एकाच कामासाठीही निघत नाही. स्त्री आणि पुरुष यांच्या रोजच्या जाण्यायेण्यात फरक का पडतो आणि त्याचा घरकामाशी काय संबंध आहे, हे त्या वहीच्या आणि थोड्या वाचनाच्या आधारे मांडण्याचा हा प्रयत्न आहे. वाचकांनी तो गोड मानून घ्यावा.

वहीचे निमित्त असे घडले. एफ.वाय.ला माझ्याकडे भूगोल हा विषय होता. वस्त्यांविषयी शिकवताना सरांनी फळ्यावर दोन वर्तुळे काढली. एकात 'घर' लिहिले, दुसऱ्यात 'कामाचे ठिकाण' लिहिले आणि दोन्ही एका सरळ रेषेने जोडून ते म्हणाले, "हा माणसाचा दैनंदिन प्रवास." रस्ता किती रुंद हवा, गाड्या किती आणि केव्हा सोडाव्यात, हे अशा रेषांवरून ठरते. मला राहवले नाही. मी उभी राहून विचारले, "सर, माझी आई सकाळी गिरणीत दळण टाकते, तिथून काकीच्या मुलाला अंगणवाडीत पोचवते आणि तशीच पुढे भांगलायला जाते. तिची रेषा कुठून कुठे काढायची?" वर्गात हशा पिकला. सर मात्र हसले नाहीत. "आठवडाभर घरातल्या सगळ्यांच्या रेषा लिहून आण, मग बघू," एवढेच ते म्हणाले.

मी लिहायला लागले. दादाची पाने भरायला काहीच वेळ लागला नाही. घरून कॉलेज, कॉलेजातून अभ्यासिका, अभ्यासिकेतून रात्री साडेआठला घर. सोमवार ते शनिवार हेच. आण्णांचेही फारसे अवघड नव्हते. रान, सोसायटी, चावडीपुढचा कट्टा आणि एक दिवस उसाच्या तोडीसाठी कारखान्याच्या गट ऑफिसात खेटा.

आईचे पहिल्याच दिवशी एक पान पुरले नाही. पहाटे गोठ्यातले शेण उचलून उकिरड्यावर नेले. साडेसहाला डेअरीला दूध घातले. आठला दळणाचा डबा डोक्यावर आणि काकीचा मुलगा हाताशी घेऊन निघाली. डबा गिरणीत ठेवला, मुलाला अंगणवाडीत सोडले, तिथून वाडीच्या पलीकडे भांगलायला गेली. संध्याकाळी येताना बांधावरचा वैरणीचा भारा आणला. तो टाकून पुन्हा दूध घेऊन डेअरीला गेली, परत येताना दुकानातून मीठ-साखर आणली. मध्ये आजीला दाखवायला आरोग्य उपकेंद्रात नेऊन आणले ते वेगळेच. मी सगळी अंतरे अंदाजाने मांडून बेरीज केली. आईचे दिवसभरातले चालणे सात किलोमीटरही भरले नाही. दादाचे जाऊन येऊन २८ किलोमीटर. मात्र दादाचा वाटेवरचा वेळ तासाच्या आत होता आणि आईचा अडीच तासांजवळ गेला. शिवाय दादा रिकाम्या हाताने गेला होता. आईच्या डोक्यावर किंवा कमरेवर प्रत्येक वेळी काहीतरी होतेच.

आपल्या बोलीत यासाठी दोन शब्द आहेत, हे मला वही लिहिताना जाणवले. गडीमाणूस गावात 'फेरी' मारून येतो. बाईमाणूस पाण्याच्या, वैरणीच्या 'खेपा' घालते. ओझ्याशिवाय खेप होत नाही. भूगोलाच्या पुस्तकातली सरळ रेषा ही फेरीची रेषा आहे. खेपांची रेषा काढू गेले तर ती रांगोळीच्या ठिपक्यांसारखी निघते. मध्ये मध्ये थांबणारी, एका कामाला दुसरे काम जोडून घेणारी आणि फिरून पुन्हा घराशी येणारी.

आता माझ्या पानांविषयी. मला सव्वासातची गाडी धरावी लागते, कारण आठला पहिला तास असतो. गाडी वेळेवर येते. उशीर होतो तो भाकरीला. आई गोठ्यात असते तेव्हा चुलीपुढे मी असते. आण्णांचा आणि आईचा रानातला डबा, दादाचा डबा आणि माझा डबा मिळून १४-१५ भाकऱ्या होतात. गॅस आहे, पण भाकरी आणि अंघोळीचे पाणी अजून चुलीवरच. एखाद्या दिवशी लाकूड ओले निघाले की गाडी चुकलीच म्हणून समजा. मग वडापची वाट बघत उभे राहायचे. कॉलेज सुटल्यावर पाऊण वाजताची गाडी धरण्याआधी आजीच्या गोळ्या, काकीचे ब्लाऊजचे कापड, शिवणयंत्राची सुई, असे काहीतरी घ्यायचे असते. दादा दिवसभर याच गावात असतो. पण ही कामे त्याला कोणी सांगत नाही, कारण तो विसरतो. विसरण्याचा हा गुण मलाही असता तर बरे झाले असते, असे मला कधी कधी वाटते.

सरांना वही दाखवली तेव्हा त्यांनी सांगितले की, हा प्रश्न माझ्या आधी पुष्कळांना पडलेला आहे. अमेरिकेत सुझन हॅन्सन आणि जेराल्डिन प्रॅट या दोन भूगोलतज्ज्ञ स्त्रियांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टर या शहराचा अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. सरांनी त्यातला मुद्दा मला समजावून सांगितला. बाईचे कामाचे ठिकाण घराजवळ असते ते तिला लांब जाण्याची हौस नसते म्हणून नव्हे. मुलांची शाळा, स्वयंपाक, घरातले आजारपण यांच्या वेळा आधी ठरलेल्या असतात आणि उरलेल्या वेळेत जे काम बसेल ते ती घेते. ते काम बहुधा शेजारीपाजारी, नात्यागोत्यातूनच कळलेले असते. आणखी एक गोष्ट त्यांना आढळली. काही मालक बायकांची वस्ती पाहून मुद्दाम तिथेच आपला कारखाना काढतात. लांब जाऊ न शकणारी बाई त्यांना हवीच असते.

हे ऐकताना मला आमच्या वाडीच्या कोपऱ्यावर सकाळी येऊन थांबणारा पिकअप आठवला. तो तासगावच्या बाजूला द्राक्षबागेत बायका घेऊन जातो. डिपिंग, विरळणी अशी कामे असतात आणि भांगलणीपेक्षा रोज १०० रुपये जास्त मिळतात. आमच्या गल्लीतल्या सात-आठ बायका जातात. आई जात नाही. पिकअप पावणेसातला निघतो आणि परत यायला सात वाजतात. सकाळचे दूध आणि संध्याकाळचे दूध या दोन्ही वेळा त्यात सापडतात. म्हणून आई वाडीपलीकडच्या भांगलणीला जाते आणि रोजचे १०० रुपये सोडते. हे पैसे सोडले आहेत असे तिच्या मनातही येत नसेल. पिकअपमध्ये जाणाऱ्या बायका कोण आहेत ते मी एकदा बघितले. कोणाची सून घरी आहे, तर कोणाची मुलगी दहावीनंतर घरी बसली आहे.

फ्रान्समध्ये बेकारांची नोंद करताना प्रत्येकाला दोन गोष्टी विचारतात. किमान किती पगार चालेल आणि जास्तीत जास्त किती लांब जाल. अर्थशास्त्रज्ञांनी या उत्तरांचा अभ्यास केला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. बायकांनी सांगितलेले अंतर पुरुषांपेक्षा कमी होते आणि पगाराचा आकडाही कमी होता. लग्न झालेल्या, मुले असलेल्या बायकांत हा फरक अधिक होता. म्हणजे जवळच्या कामासाठी बाई पगारातून किंमत मोजते. ते फ्रान्स आणि आमची वाडी यांत किती अंतर आहे कोणास ठाऊक, पण आईचे १०० रुपये मला तिथे दिसले.

आपल्या देशात कोण किती वेळ कशासाठी देतो, हे पाहण्यासाठी केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये मोठी पाहणी केली. सुमारे १ लाख ३८ हजार घरांत जाऊन सहा वर्षांवरील प्रत्येकाचा पहाटे ४ पासून दुसऱ्या दिवशी पहाटे ४ पर्यंतचा दिवस लिहून घेतला. माझ्या वहीची ही फार मोठी बहीणच म्हणायची. त्यात असे निघाले की, घरच्यांसाठी बिनपैशाचे घरकाम करणाऱ्या स्त्रिया १०० पैकी ८१ आहेत आणि पुरुष २६. जे करतात त्यांच्यातही स्त्रीचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटे आणि पुरुषाचा ९७ मिनिटे. २९९ मिनिटे म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली तेव्हा हे आकडे २८९ आणि ८८ झाले होते. पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे वाचली हे खरे, पण पुरुषांनीही नऊ मिनिटे वाचवली!

दिवसाचे तास सगळ्यांना २४ च. त्यांतले पाच तास चुलीपाशी, गोठ्यात, धुण्याभांड्यांत गेले की उरलेल्या वेळेच्या दोरीने बाई बांधली जाते. ती दोरी जेवढी लांब, तेवढ्या अंतरावरची नोकरी, तेवढ्या अंतरावरचे कॉलेज. रस्ता डांबरी झाला, गाड्या वाढल्या तरी ती दोरी आपोआप लांब होत नाही.

जनगणनेचे मात्र मला नवल वाटले. २०११ च्या जनगणनेत कामाचे ठिकाण घरापासून किती लांब आणि तिथे कशाने जाता, असे विचारले होते. पण हा प्रश्न शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगवाले सोडून इतरांना होता. म्हणजे शहरातला कारकून त्या तक्त्यात आहे आणि भांगलायला जाणारी बाई नाही.

हे सगळे मी वर्गातल्या मैत्रिणींना सांगत होते तेव्हा शेजारच्या बाकावरचा एक मित्र म्हणाला, "लांब जाणे म्हणजे काही सुख नव्हे. घर चालवायचे म्हणून पुरुषाला जावेच लागते." त्याचे म्हणणे खोटे नाही. त्याचे वडील पुण्याला चाकणच्या कारखान्यात आहेत आणि महिन्यातून एकदा घरी येतात. पण त्याला मी विचारले की, ते निर्धास्तपणे तिकडे राहू शकतात ते कशामुळे? तो जरा थांबला आणि म्हणाला, "आई आहे ना घरी." मला वाटते सगळ्या गोष्टीचे मर्म इथे आहे. दादाची रेषा सरळ आहे, कारण त्याचा डबा भरलेला असतो, कपडे धुतलेले असतात आणि आजीच्या गोळ्या मी आणलेल्या असतात. त्याच्या रेषेवरचे सगळे थांबे उचलून आईच्या आणि माझ्या रेषेवर ठेवलेले आहेत. ते त्याने मुद्दाम ठेवले आहेत असे मी म्हणणार नाही. तो जन्मला तेव्हाही ते तिथेच होते.

गेल्या मे महिन्यात मी डोंबिवलीला मावशीकडे गेले होते. तिथे गेल्यावर मला वाटले, आपला सिद्धान्त चुकला. मावशी रोज दादरला नोकरीला जाते, म्हणजे एका बाजूने जवळजवळ ४० किलोमीटर. काका ठाण्यात कामाला आहेत. म्हणजे लांबचा प्रवास मावशीचाच! मी मोठ्या उत्साहाने वहीत तसे लिहूनही टाकले. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर गेले आणि ते खोडले.

मावशी पावणेपाचला उठली. दोन डबे, मुलांचा नाश्ता, पाणी भरणे आणि सासूबाईंचा चहा-औषध आटोपून ७.२० ला ती चपला घालून बाहेर पडली. धाकट्याला पाळणाघरात सोडले, कारण सासूबाईंना तो आवरत नाही. मग रिक्षा, मग पूल, मग फलाट. बायकांच्या डब्यात शिरल्यावर मी पाहतच राहिले. कोणी केसांना पिना लावते आहे, कोणी पोथी वाचते आहे, कोणी उभ्या उभ्या डुलकी घेते आहे. संध्याकाळी परत येताना मावशी दादरला मंडईत शिरली, भाजी घेतली आणि गाडीत बसायला मिळताच पिशवी उघडून मेथी निवडू लागली. समोरची बाई मटार सोलत होती. शेजारच्या दोघींनी न सांगता त्यांतले मूठभर मटार आपल्या ओढणीत घेऊन सोलायला सुरुवात केली. माझ्याही हातात मेथीची जुडी आली. दिव्याजवळ गाडी बराच वेळ थांबली तेव्हा एक बाई म्हणाली, "थांबू दे, माझी अजून गवार राहिलीये." सगळ्या हसल्या. पलीकडच्या पुरुषांच्या डब्यात पत्त्यांचा डाव रंगला होता. तेही दमलेलेच होते आणि त्यांच्या डब्यातली गर्दी आमच्यापेक्षा कमी नव्हती. पण त्यांच्यापैकी कोणाच्या हातात मला मेथी दिसली नाही.

५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी संपूर्ण गाडीच बायकांसाठी सोडण्यात आली, तिला 'लेडीज स्पेशल' म्हणतात. तिचे कौतुक आपण वर्तमानपत्रांत वाचतो. बायका गाडीत भाजी निवडतात, हळदीकुंकू करतात, याचेही कौतुक होते. मीही या आधी ते गंमत म्हणूनच वाचले होते. आता वाटते, मुंबईच्या बाईने घराजवळची नोकरी धरली नाही, तर तिचे घरच पिशवीत बसून गाडीत आले आहे. दोरी तीच, फक्त ती गाडीच्या डब्यातून ओढत न्यावी लागते.

आणि ती तुटत नाही, ताणतेच. मावशीला चार वर्षांपूर्वी बढती आली होती. पण तिच्याबरोबर अंधेरीला बदली होती. दादरला गाडी बदलून पुढे जायचे, म्हणजे घरी यायला रोज पाऊण-एक तास उशीर. पाळणाघर साडेसातला बंद होते. मावशीने बढती नाकारली. "नाकारली" असे तिने सांगितले नाही हं. "जमलं नाही गं," असे म्हणाली. काकांना मी भीत भीत विचारले की, तुम्ही ठाण्याहून लवकर येता, तर धाकट्याला तुम्ही आणले असते तर? काका चांगले आहेत, रागावले नाहीत. खरोखरच विचारात पडल्यासारखे म्हणाले, "तेव्हा कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

सरकारने या बाबतीत काही केलेच नाही असे नव्हे. १७ मार्च २०२३ पासून आपल्या राज्यात एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले. त्यामुळे आई आता बाजाराला गाडीने जाते आणि वर्षातून एकदा माहेरी जाणारी काकी तीनदा जाऊन आली. मराठवाडा-विदर्भातल्या मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्या मुलींना शाळेत नेतात. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. त्यावर अर्थशास्त्रज्ञांनी जो अभ्यास केला त्यात मुलींची माध्यमिक शाळेतली भरती चांगलीच वाढल्याचे दिसले, आणि विशेषतः ज्या गावांतून शाळा लांब होती तिथे. मला यात माझे एक अनुमान जोडावेसे वाटते. सायकलमुळे अंतर कमी झाले, तसा वेळही वाचला. सायकलवरून येणारी मुलगी पाण्याच्या वेळेला घरी पोचते. घरातले कोणतेही काम कोणालाही सोडावे लागले नाही, म्हणून घरच्यांचीही ना नसावी. हे चांगले की वाईट ते मला सांगता येत नाही.

गाडी नसली की काय होते तेही आम्ही पाहिले आहे. २०२१ च्या नोव्हेंबरात एस.टी. कर्मचाऱ्यांचा मोठा संप झाला आणि २०२२ च्या एप्रिलपर्यंत तो रेंगाळला. मी तेव्हा दहावीला होते, हायस्कूल पाच किलोमीटरवर. मुले एकेका मोटारसायकलवर तिघे तिघे बसून गेली. आम्ही चौघी चालत जाऊ लागलो. जाऊन येऊन अडीच तास मोडत. त्यामुळे सकाळच्या भाकऱ्या आणि संध्याकाळचे पाणी दोन्ही चुकू लागले. आमच्यातल्या एकीला घरच्यांनी सांगितले, गाड्या सुरू झाल्या की जा. गाड्या सुरू झाल्या तेव्हा परीक्षा होऊन गेली होती.

मुलींच्या प्रवासाविषयी बोलताना सगळे 'सुरक्षितता' हा शब्द वापरतात, आणि तो खोटा नाही. दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा गिरिजा बोरकर यांनी अभ्यास केला. वाटेत छेडछाड होऊ नये म्हणून मुली चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळत असतानाही हलके कॉलेज पत्करतात, असे त्यांना दिसून आले. गर्दीच्या गाडीत उभी राहिलेली कोणतीही मुलगी याला पुरावा मागणार नाही. पण माझा स्वतःचा अनुभव असा की, घरात 'काळजी' हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी वापरला जातो आणि कोणती केव्हा आहे ते ओळखणे कठीण असते.

एस.वाय.ला मुख्य विषय निवडायचा होता. मला भूगोल घ्यायचा होता. भूगोलाचे प्रात्यक्षिक दुपारी अडीच ते पाच असते. त्या दिवशी पावणेसहाची गाडी धरली तर घरी साडेसहा वाजतात. मी घरी विचारले. आण्णा म्हणाले, "अंधार पडतोय पोरी, काळजी वाटती." मी म्हणाले, उन्हाळ्यात साडेसहाला चांगला उजेड असतो आणि हिवाळ्यात स्टँडवरून आपले घर तीन मिनिटांवर आहे, शिवाय गाडीतून उतरणारे सगळे गावचेच. आण्णा गप्प बसले. आईही काही बोलली नाही. तेव्हा जात्याजवळ बसलेली आजी म्हणाली, "आन् नळाला पाच वाजता पानी येतंय, ते कोन भरायचं?"

आजीचे मला कौतुक वाटते. तिने एकटीने खरे सांगितले. आमच्याकडे नळाला दिवसाआड संध्याकाळी पाच ते सहा पाणी येते. आई रानात, आजीला हंडा उचलत नाही, काकीचे स्वतःचे पाणी असते. दादा अभ्यासिकेत असतो. भरतीची परीक्षा आहे त्याची, आणि तो खरोखर अभ्यास करतो. आठवड्यातून दोन दिवस त्याने पाचला घरी यावे, हे त्या बैठकीत कोणी सुचवले नाही. मीही सुचवले नाही. मावशीच्या काकांप्रमाणेच माझ्याही डोक्यात ते तेव्हा आले नव्हते. ते आले वही पुन्हा वाचताना, फॉर्म भरून झाल्यावर तीन महिन्यांनी.

मी अर्थशास्त्र घेतले. त्याचे तास बाराला संपतात. विषय वाईट नाही. वर सांगितलेली वेळेची पाहणी मला याच विषयात भेटली. भूगोलाचे सर व्हरांड्यात भेटले की विचारतात, "काय, रेषा काढतेस की नाही अजून?" त्यांच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून प्रात्यक्षिकाला बसलेली मुले दिसतात. त्यांत मुली चार आहेत. चौघीही गावातच राहणाऱ्या.

हा लेख लिहायला बसले तेव्हा संदर्भासाठी ती जुनी वही काढली होती. दादाने ती उचलून चाळली. आपले पान वाचून तो हसला, मग आईची पाने वाचताना हसायचा थांबला. दुसऱ्या दिवशी पाण्याची पाळी होती. तो पाचला आला नाही, पण फोन करून "पाणी आलं का गं?" असे त्याने विचारले. पूर्वी कधी विचारले नव्हते म्हणून इथे नोंदवते.

आई भाकऱ्या थापत होती. तिला वाचता येते, पण चष्मा लागल्यापासून बारीक अक्षर दिसत नाही. म्हणाली, माझं काय लिहिलंयस ते वाच. मी सोमवारचे पान वाचून दाखवले. डेअरी, गिरणी, अंगणवाडी, रान, वैरण, उपकेंद्र, परत डेअरी, दुकान. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारले, "आन् दळण? ते आनायला परत गिरणीत कोन गेलं हुतं?"

ते मी लिहायचे विसरले होते.